तीन अंशांची वाट

पनवेलजवळच्या नव्या विमानतळाची धावपट्टी 3700 मीटर लांब आणि 60 मीटर रुंद आहे. 11 ऑक्टोबर 2024 रोजी हवाई दलाचं सी-295 जातीचं मालवाहू विमान तिच्यावर उतरलं, तेव्हा त्याची छायाचित्रं सगळ्या वर्तमानपत्रांत आली. 29 डिसेंबर 2024 रोजी इंडिगोचं ए-320 चाचणीसाठी उतरलं, त्याच्यावर पाण्याच्या फवाऱ्यांची कमान धरली गेली. 8 ऑक्टोबर 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पनवेल, उलवे, खारघर भागातल्या माणसांना या तारखा आता तोंडपाठ आहेत. त्यांच्या आधी, 2024 मध्येच, आणखी एक उड्डाण झालं होतं आणि ते बहुतेकांच्या लक्षातही राहिलेलं नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं एक छोटं विमान या धावपट्टीच्या दिशेने येत होतं, खाली झुकत होतं आणि न उतरता पुन्हा वर जात होतं. त्यात एकही प्रवासी नव्हता. आत मोजमापाची यंत्रं होती, आणि जमिनीवर उभ्या केलेल्या अँटेनांमधून निघणारा सिग्नल जिथे असायला हवा तिथेच आहे का, हे ती तपासत होती.

विमानतळ खऱ्या अर्थाने विमानतळ होतो तो या तपासणीनंतर, असं मला वाटतं. डांबर-काँक्रीटची पट्टी दिसते, मोजता येते, तिच्यावरून चालता येतं. पावसाळ्यात ढग खाली उतरले की वैमानिकाला ती दिसत नाही. त्याला दिसतो फक्त समोरच्या पडद्यावरचा काटा किंवा ठिपका. तो म्हणेल तसं जायचं. म्हणजे धावपट्टीइतकीच एक दुसरी वाटही इथे बांधली गेली आहे. ती हवेत आहे, रेडिओलहरींची आहे, आणि दर किलोमीटरला साधारण 52 मीटर या उताराने, म्हणजे तीन अंशांच्या कोनाने, धावपट्टीकडे उतरते.

धावपट्टीची दिशा 08 आणि 26 अशी आहे, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. नकाशा पसरून तिची मधली रेषा पूर्वेला वाढवत न्यावी, तर ती नेरळ-माथेरानच्या परिसरावरून भीमाशंकरच्या बाजूला सह्याद्रीकडे जाते. पश्चिमेला वाढवली, तर घारापुरीच्या आसपासून मुंबई बंदर ओलांडून अरबी समुद्रात. दिशा दाखवणाऱ्या सिग्नलचा पल्ला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 25 सागरी मैल, म्हणजे सुमारे 46 किलोमीटर धरला जातो. पूर्वेच्या बाजूने तेवढं अंतर मोजलं तर आपण घाटमाथ्याच्या पायथ्याशी पोचतो. कर्नाळ्याचा सुळका, प्रबळगड, माथेरानचे कडे या सगळ्यांच्या सान्निध्यात ही अदृश्य वाट आखायची, आणि शेवटच्या टप्प्यात ती काही मीटरपलीकडे चुकू द्यायची नाही. हे काम करणाऱ्या यंत्रणेला सगळेजण आयएलएस म्हणतात.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातली मूळ कल्पना फार देखणी आहे. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाच्याही पुढे अँटेनांची एक आडवी रांग असते, तिला लोकलायझर म्हणतात. तो डावं-उजवं सांगतो आणि 108 ते 112 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. दुसरी यंत्रणा ग्लाइड पाथ. धावपट्टीच्या बाजूला, विमान जिथे चाकं टेकवतं त्या जागेच्या शेजारी, तिचा मनोरा असतो. ती वर-खाली सांगते आणि 329 ते 335 मेगाहर्ट्झमध्ये चालते. दोन्हींतून 90 हर्ट्झ आणि 150 हर्ट्झचे दोन सूर सोडलेले असतात. विमान वाटेच्या डावीकडे गेलं तर 90 चा सूर जड होतो, उजवीकडे गेलं तर 150 चा. वाटेच्या वर 90 जड, खाली 150 जड. विमानातला रिसीव्हर या दोन सुरांची तुलना करतो आणि दोन्ही सारखे आले की काटा मधोमध उभा राहतो. वाण्याच्या तराजूसारखीच ही रीत. माल किती आहे हे महत्त्वाचं नाही, दोन पारड्यांतला फरक महत्त्वाचा.

इथे एक मोठी अडचण सुटली. सिग्नल किती जोरदार आहे यावर विसंबून दिशा ठरवली असती, तर पाऊस, अंतर, रिसीव्हरची संवेदनशीलता, ट्रान्समीटरची घटती ताकद या सगळ्यांनी ती बिघडली असती. दोन सूर एकाच लहरीवर बसून एकाच वाटेने येतात, म्हणून जे काही घडतं ते दोघांना सारखंच घडतं. फरक शाबूत राहतो. मोजमापाच्या इतिहासातल्या सगळ्यात चांगल्या युक्त्या अशाच असतात, चूक टाळण्याऐवजी ती दोन्ही बाजूंना सारखी वाटून टाकणाऱ्या.

या युक्तीपर्यंत पोचायला वेळ लागला. जर्मनीतल्या लोरेन्झ कंपनीत एर्न्स्ट क्रामार यांनी 1930 च्या दशकात जी पद्धत विकसित केली, तिच्यात वैमानिकाच्या कानात एका बाजूला टिंब, दुसऱ्या बाजूला रेघ आणि मधोमध सलग सूर ऐकू येई. अमेरिकेत ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये हॅरी डायमंड आणि फ्रान्सिस डनमोर हे दोघे त्याच काळात रेडिओच्या मदतीने आंधळं उतरणं शक्य करत होते. 26 जानेवारी 1938 रोजी पेनसिल्व्हेनिया सेंट्रल एअरलाइन्सचं बोइंग 247 पिट्सबर्गला हिमवादळात उतरलं ते अशाच यंत्रणेच्या आधाराने. आपल्याकडे तेव्हा काय होतं? 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे.आर.डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान आणून जुहूला उतरवलं. त्यात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूची पट्टी चिखलात जाई, म्हणून तेवढे महिने टपालाची विमानं पुण्याहून चालवावी लागत. गंमत अशी की रेडिओलहर एका दिशेला बांधून पाठवण्याची विद्या महाराष्ट्रात त्याआधीच येऊन बसली होती. 1927 मध्ये इंग्लंडशी बिनतारी तारा चालवण्यासाठी मार्कोनी पद्धतीची बीम केंद्रं उभी राहिली, खडकीला पाठवणारं आणि दौंडला घेणारं. विमानाच्या वाटेवर ती विद्या यायला मात्र बराच काळ जावा लागला.

आता पुन्हा पनवेलच्या जमिनीवर येऊ, कारण या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग जमिनीचाच आहे.

ग्लाइड पाथचा मनोरा पाहिला तर त्याच्यावर वर-खाली बसवलेल्या अँटेना दिसतात. साध्या प्रकारात दोनच असतात. खालची अँटेना दोन्ही सूर सम प्रमाणात सगळीकडे सोडते. वरची अँटेना असा सिग्नल सोडते की तो तीन अंशांच्या कोनात बरोबर शून्य होतो आणि त्या कोनाच्या वर-खाली गेलं की वाढत जातो. पारडं झुकवायचं काम हा दुसरा सिग्नल करतो. आता तो नेमक्या तीन अंशांना शून्य कसा होतो? अँटेनाकडून थेट निघालेली लहर आणि समोरच्या जमिनीवर आपटून परतलेली लहर, या दोघी त्या कोनात एकमेकींना पुसून टाकतात. म्हणजे अँटेना अर्धीच मनोऱ्यावर आहे. उरलेली अर्धी म्हणजे तिच्या पुढची सपाट जमीन.

हिशोब कागदावर करून पाहावा. 332 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 90 सेंटीमीटर. तीन अंशांना शून्य हवं असेल तर वरची अँटेना जमिनीपासून सुमारे 8.6 मीटरवर असावी लागते आणि खालची तिच्या निम्म्यावर, 4.3 मीटरवर. मनोऱ्यापुढची जमीन 10 सेंटीमीटर खाली बसली तर अँटेनाची परिणामी उंची तेवढी वाढते आणि कोन साधारण सव्वा टक्क्याने, म्हणजे अंशाच्या पस्तीस हजारांश भागाने, कमी होतो. एवढ्याने काही बिघडत नाही. पण आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तीन अंशांच्या वाटेचा कोन खालच्या बाजूला 0.225 अंशाहून जास्त ढळला, की यंत्रणेने धोक्याचा इशारा देऊन सिग्नल बंद केला पाहिजे. ती मर्यादा गाठायला याच साध्या हिशोबाने जमीन सत्तरएक सेंटीमीटर खाली जावी लागेल. प्रत्यक्षात जमीन एकसारखी बसत नाही, कुठे बसते, कुठे नाही, आणि तेव्हा कोन बदलण्याऐवजी वाट वळणावळणाची होते.

हे वाचताना पनवेलचा माणूस थांबेल. ही जमीन त्याच्या डोळ्यांदेखत तयार झाली आहे. जवळपास 90 मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापून काढली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, खाजणाच्या पाणथळ जमिनीवर भराव घातला. पर्यावरण मंजुरी 2010 च्या नोव्हेंबरात मिळाली, आणि त्यानंतरची वर्षं मुख्यतः या जमिनीच्याच कामात गेली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, गणेशपुरी, वाघिवली अशी दहा गावं उठली. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं आणि मासेमारीची खाडी असलेल्या या भागाने विमानतळाला काय दिलं, याची चर्चा नेहमी एकरांत आणि मोबदल्यात होते. ती झालीच पाहिजे. मला इतकंच जोडावंसं वाटतं की ही जमीन विमानतळाचा निव्वळ पाया नाही. ढगांतून खाली येणाऱ्या प्रत्येक वैमानिकाला दिसणारा काटा जमिनीच्या सपाटपणावर ठरतो. भरावाच्या जमिनीची पातळी वर्षानुवर्षं मोजत राहणं हे इथे स्थापत्य अभियंत्याचं काम आहे आणि तितकंच रेडिओ अभियंत्याचंही. पावसाने साचलेलं पाणी, वाढलेलं गवत, मनोऱ्यापुढे कुणी ठेवलेला लोखंडी सामानाचा ढीग, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी म्हणूनच तिथे चालत नाहीत.

डोंगराळ भागासाठी अभियंत्यांनी आणखी एक तोड काढली. तीन अँटेनांची मांडणी करायची आणि किंचित वेगळ्या वारंवारतेवर दुसरा सिग्नल सोडायचा. विमानातला रिसीव्हर जो सिग्नल जोरदार असेल त्यालाच धरतो आणि दुसऱ्याला दाबतो. मुख्य वाटेवर मुख्य सिग्नल जोरदार असतो. खालच्या, डोंगराच्या बाजूला दुसरा जोरदार होतो आणि विमानाला ठामपणे ‘वर जा’ म्हणतो. डोंगरावरून परावर्तित होणारा मुख्य सिग्नल मुळातच क्षीण ठेवलेला असतो, त्यामुळे वाट वाकडी होत नाही.

अशी वाट आखली की तिच्यावर पहारा ठेवावा लागतो. अँटेनांच्या जवळच मॉनिटर बसवलेले असतात. ते अखंड ऐकत असतात. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसमध्ये लोकलायझरची मध्यरेषा धावपट्टीच्या उंबऱ्यापाशी साडेदहा मीटरपेक्षा जास्त सरकली, तर दहा सेकंदांच्या आत सिग्नल थांबवलाच पाहिजे. ग्लाइड पाथसाठी ही मुदत सहा सेकंदांची आहे. चुकीचा सिग्नल देण्यापेक्षा न देणं बरं, हे इथलं मूळ तत्त्व. सिग्नल नसला तर वैमानिकाच्या पडद्यावर निशाण येतं आणि तो वर निघून जातो.

या तत्त्वाला एकदा बगल मिळाली तेव्हा काय झालं, ते जगभरच्या वैमानिकांना शिकवलं जातं. 29 जुलै 2000 च्या रात्री एअर न्यूझीलंडचं बोइंग 767 सामोआ बेटांवरच्या फालेओलो विमानतळाकडे येत होतं. विमानात 176 माणसं होती. काटा मधोमध होता, निशाण नव्हतं, स्वयंचलित उड्डाणयंत्रणा त्या काट्यामागे निमूटपणे खाली जात होती. विमान प्रत्यक्षात धावपट्टीच्या साडेपाच मैल अलीकडे समुद्राकडे चाललं होतं. ग्लाइड पाथचा ट्रान्समीटर दुरुस्तीच्या अवस्थेत सोडलेला होता, त्याची निगराणी बाजूला ठेवलेली होती, आणि नियंत्रण मनोऱ्याकडे जाणारी केबल खोदकामात तुटल्यामुळे मनोऱ्यातही काही कळत नव्हतं. पारडं झुकवणारा तो दुसरा सिग्नल निघतच नव्हता, फक्त दोन्ही सूर सम प्रमाणात सोडणारा पहिला निघत होता. माल टाकलाच नाही तरी तराजूचा काटा मधोमधच राहतो. त्यामुळे विमान आकाशात कुठेही असलं तरी यंत्र सांगत होतं की तू अगदी बरोबर वाटेवर आहेस. उंची आणि अंतर यांचा मेळ बसत नाही, दिव्यांची जागा चुकते आहे, हे वैमानिकांच्या लक्षात आलं. चारशे फुटांखाली येऊन ते विमान वर उचललं गेलं आणि नंतर सुखरूप उतरलं. कंपनीने ही घटना दडवली नाही. तिच्यावर चित्रफीत बनवून ती साऱ्या विमान व्यवसायाला दिली, याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. ‘सर्व काही ठीक’ आणि ‘काहीच माहिती नाही’ हे दोन्ही अर्थ एकाच काट्यात मावू शकतात, हे त्या रात्री कळलं.

म्हणून जमिनीवरच्या मॉनिटरवर विसंबून भागत नाही. विमान जिथे असणार तिथे जाऊनच मोजावं लागतं. आपल्या देशात हे काम प्राधिकरणाचं फ्लाइट इन्स्पेक्शन युनिट करतं, दिल्लीहून. डॉर्नियर आणि बीचक्राफ्ट किंग एअर जातीची त्यांची विमानं देशभर फिरत असतात, कारण विमानतळ खासगी कंपनी चालवत असली तरी दळणवळण आणि दिशादर्शनाची जबाबदारी प्राधिकरणाचीच असते. पनवेललाही तसंच आहे. नवीन यंत्रणा सुरू करताना एक मोठी तपासणी होते आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी पुन्हा. विमान लोकलायझरच्या समोर लांबवरून आडवं उडतं, मध्यरेषेच्या एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 35 अंशांपर्यंत, आणि सगळीकडे काटा योग्य बाजूलाच झुकतो ना हे पाहतं. मग वाटेवरून उतरतं. मग मुद्दाम वाटेच्या खाली राहून येतं, डोंगर-इमारतींपासून वर असताना ‘वर जा’ची सूचना पुरेशी ठाम आहे का हे बघण्यासाठी. जमिनीवरचा तंत्रज्ञ रेडिओवर आकडे ऐकत ट्रान्समीटरची जुळणी करतो, आणि विमान पुन्हा फेरी मारतं.

विमान स्वतः नेमकं कुठे आहे हे सिग्नलपेक्षा अधिक अचूक ठाऊक असल्याशिवाय ही तपासणी निरर्थक आहे. पूर्वी धावपट्टीशेजारी थिओडोलाइट मांडून एक माणूस येणाऱ्या विमानावर दुर्बिणीची फुली धरून ठेवत असे, आणि त्याने मोजलेला कोन रेडिओने विमानात पाठवला जाई. धुकं असलं की ते काम बंद. आता उपग्रहांचं सुधारित स्थाननिर्धारण आणि विमानातली जडत्व-यंत्रणा मिळून ते काम करतात. काही देशांत ड्रोनवर रिसीव्हर बांधून जवळच्या टप्प्याची मोजणी होऊ लागली आहे. त्यामुळे मोठ्या विमानाच्या फेऱ्या कमी होतात, तरी शेवटचा शब्द अजून त्याचाच असतो.

अँटेनांची जुळणी हा विषय निघाला की पनवेलपासून फार लांब नसलेल्या कल्याणची आठवण काढायला हवी. 1965 मध्ये तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभारली. सहा फूट व्यासाच्या 32 तबकड्या, ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिलहून भेट म्हणून आलेल्या, 610 मेगाहर्ट्झवर सूर्याकडे रोखलेल्या. इतक्या तबकड्यांचे सिग्नल एकत्र आणायचे तर प्रत्येकीपासून येणाऱ्या केबलमध्ये लहरीला लागणारा वेळ नेमका माहीत हवा. त्याआधी अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना स्वरूप यांनी के. एस. यांग यांच्यासोबत यावर एक उपाय शोधला होता, तो 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या खोलीतून सिग्नल अँटेनापर्यंत पाठवायचा. तिथे ठेवलेला छोटा परावर्तक ठराविक लयीत बदलत राहतो, त्यामुळे त्याच्यावरून परतणाऱ्या लहरीवर ओळखीची खूण उमटते. केबलमध्ये इतर ठिकाणांहून परतणाऱ्या लहरींतून ती खूण वेगळी काढायची आणि जाण्या-येण्याचा फरक मोजायचा. शेतात दूरवर पसरलेल्या अँटेनांकडे एकेक करून जायची गरज उरली नाही. ही जाऊन-येऊन मोजण्याची कल्पना पुढे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींनी आपापल्या परीने वापरली. स्वरूप यांनी नंतर नारायणगावजवळ खोडदला 45 मीटरच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी उभारली, तिचं कौतुक खूप झालं. या आधीच्या, केबलमधल्या शोधाचं व्हायला हवं तितकं झालं नाही असं मला नेहमी वाटतं.

उपग्रह असताना हा जमिनीवरचा खटाटोप कशाला, असा प्रश्न येतोच. उपग्रहाच्या आधाराने उतरता येतं. इस्रो आणि प्राधिकरणाच्या ‘गगन’ यंत्रणेच्या साहाय्याने इंडिगोचं एटीआर विमान 28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानातल्या किशनगढला उतरलं. पण उपग्रहाचा सिग्नल हजारो किलोमीटरवरून क्षीण होऊन येतो आणि खोटा सिग्नल सोडून त्याला चकवता येतं. 2025 च्या नोव्हेंबरात दिल्लीला उपग्रहाच्या आधाराने धावपट्टीकडे येणाऱ्या काही विमानांना असा अनुभव आल्याचं सरकारने संसदेत मान्य केलं. जुन्या पद्धतीची यंत्रणा उपलब्ध असलेल्या धावपट्ट्यांवरच्या वाहतुकीवर त्याचा परिणाम झाला नाही. पनवेलची गरज तर दुप्पट आहे. मुंबईचा जुना विमानतळ इथून हवेतून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे, आणि दोन्हीकडच्या विमानांना एकाच आकाशात आपापल्या रेषेवर राहायचं आहे.

आराखड्यानुसार इथे दुसरी धावपट्टी येणार आहे, पहिलीला समांतर, सुमारे दीड किलोमीटर अंतरावर. दोन समांतर वाटांवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर आंतरराष्ट्रीय नियम किमान 1035 मीटर अंतर मागतात, ते इथे मिळतं. दुसऱ्या पट्टीला तिचा स्वतःचा लोकलायझर लागेल, तिचा मनोरा, आणि त्या मनोऱ्यापुढे सपाट ठेवलेली, कशानेही न अडवलेली तिची जमीन. पहिल्या पट्टीवरच्या मोठ्या विमानांच्या शेपट्यांवरून परावर्तित होणारा सिग्नल तिच्या वाटेत येता कामा नये. 3 नोव्हेंबर 2011 रोजी म्युनिकला उडणाऱ्या एका विमानाने लोकलायझरचा सिग्नल वाकवला आणि मागून स्वयंचलितपणे उतरणारं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग 777 धावपट्टी सोडून गवतात गेलं होतं. उलवे, खारघर, पनवेलमध्ये चढत जाणाऱ्या इमारती आणि त्यांच्या क्रेन यांची उंची तपासताना लोक आदळण्याचा धोका तेवढा मनात आणतात. काच आणि पोलादाची मोठी सपाट भिंत चुकीच्या कोनात उभी राहिली, तर ती कुणाला न आदळताही वाट वाकवू शकते. परवानगीच्या कागदांवर इमारतीच्या उंचीबरोबर तिच्या दर्शनी भिंतीची दिशा आणि बांधकामाचं साहित्यही विचारलं जावं, आणि उत्तर आयएलएसच्या अभियंत्याच्या टेबलावरून पुढे जावं. दुसऱ्या धावपट्टीची मातीकामं सुरू होण्याआधी हे ठरलेलं बरं.